डोके शाबूत, तर लढाई शाबूत



मेळाव्याचा हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तुमच्यातले बहुतेक जण क्रांती चौकात मोटारसायकलने आलेले असतील. कोणी कन्नड-सिल्लोडच्या बाजूने, कोणी पैठण-गंगापूर-वैजापूरकडून, कोणी जालना रोडने, कोणी बीड रोडने. भाषणे होतील, ठराव होतील, घोषणा होतील, आणि दिवस मावळताना तीच गाडी पुन्हा गावाकडे वळेल. दरवेळी या पानावर आपण कापसाच्या भावाचे, विजेच्या बिलाचे, आयात-निर्यातीचे बोलतो. या वेळी त्या परतीच्या रस्त्याबद्दल बोलायचे आहे.

संघटनेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. हेल्मेट, ब्रेक, दिवा हे पोलिसांचे आणि आरटीओचे काम, आपले काम घामाचे दाम मागण्याचे. पण ज्या घरातला कर्ता माणूस रस्त्यावर गेला, त्या घराला कापसाचा भाव वाढून मिळाला काय आणि न मिळाला काय? पेरणी कोण करणार, बँकेचे हप्ते कोण भरणार, पोरीचे लग्न कोण करणार? दुष्काळात एक हंगाम जातो. कर्ता गेला की पुढचे सगळेच हंगाम जातात.

आकडे सरकारचेच आहेत, केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातले. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. देशभरच्या मृतांपैकी ७४,८९७ दुचाकीवर होती. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. म्हणजे हेल्मेट नसलेली १३७ माणसे रोज मेली. तीन एसट्या गच्च भराव्यात इतकी माणसे, दररोज. रस्त्यावरच्या मरणांपैकी दोन-तृतीयांश ग्रामीण भागात होतात, हेही त्याच अहवालात आहे. शहरातल्या गर्दीची चर्चा रोज वर्तमानपत्रात येते. मरण मात्र आपल्या वाटेला जास्त येते.

या चौकाचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना इथल्याच काळ्या चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला गेला. ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मोर्चा याच चौकातून निघाला. इथे माणसे हक्क मागायला येतात, आणि हक्कासाठी मरणाऱ्याला इतिहास मान देतो. पण मेळाव्याहून परतताना दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आपटून मरणाऱ्याला कोणी हुतात्मा म्हणत नाही. ते मरण फुकट जाते.

फटफटी हे आता अवजार आहे

एके काळी गावात एकच फटफटी असे, तीही सरपंचाची नाही तर सावकाराची. आज दोन एकर कोरडवाहूवाल्याच्या दारातही ती उभी आहे. हे चैनीचे लक्षण आहे, असे शहरातले लोक म्हणतात. शेतकऱ्याकडे मोटारसायकल आहे म्हणजे तो सुखी आहे, मग कर्जमाफी कशाला, असाही त्यांचा हिशोब असतो.

खरा हिशोब वेगळा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि त्यानंतर खेड्यातला माणूस एसटीच्या भरवशावर राहिला. तो भरवसा हळूहळू तुटला. फेऱ्या कमी झाल्या, मुक्कामी गाड्या बंद झाल्या. २०२१-२२ च्या संपात तर कित्येक महिने एसटी रस्त्यावरच नव्हती. तालुक्याला खताची गोणी आणायची, बँकेत सही द्यायची, पोराला परीक्षेला सोडायचे, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, तर गाडी कोणती? म्हणून हप्त्यावर मोटारसायकल आली. विळा, वखर, तिफण आणि फवारणी पंप, तशीच ती शेतीची एक गरज झाली.

अवजार म्हटले की शेतकऱ्याला त्याची रीत कळते. मळणीयंत्र चालू असताना सैल बाहीचा सदरा घालून कोणी कणसे लोटत नाही. ज्याने लोटली त्याचा हात गेलेला गावाने पाहिलेला असतो. फवारणीला वाऱ्याच्या उलट दिशेने कोणी उभे राहू नये, हे २०१७ साली यवतमाळच्या विषबाधेने सगळ्या कापूसपट्ट्याला शिकवले. मग मोटारसायकल या अवजाराचीच रीत पाळायला आपल्याला लाज का वाटावी?

सरकारचा वाटा

रस्त्यावरच्या प्रत्येक मरणाला चालकाची चूक म्हणायचे आणि फाईल बंद करायची, ही सरकारी पद्धत आहे. ती आपल्याला मान्य नाही.

समृद्धी महामार्गासाठी वैजापूर, गंगापूर, छत्रपती संभाजीनगर, बदनापूर, जालना या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये रस्ता मुंबईपर्यंत पोचला. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्या वेगात दुचाकी नको हे मान्य करू. पण ज्याच्या शेतातून तो रस्ता गेला, त्याला चालायला जो जुना रस्ता ठेवला, त्याच्या खड्ड्यांचे काय? इंडियाला आठ तासांत मुंबई, आणि भारताला खडी उखडलेली वाट.

धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. मधे दुभाजक आला, आणि शेत एका बाजूला तर गाव दुसऱ्या बाजूला झाले. वळायची जागा दूर, सेवा रस्ता कुठे आहे कुठे नाही. मग माणूस दोन-तीन किलोमीटरचा वळसा वाचवायला उलट्या बाजूने गाडी घालतो. चूक त्याची आहेच. पण शेतकऱ्याने रोज ही चूक करावी असा रस्ता आखणाऱ्याची काहीच चूक नाही काय? रस्त्याचा थर वर चढतो आणि साईडपट्टीवर मुरूम टाकायचा राहून जातो. समोरून ट्रक आला की दुचाकीने खाली उतरायचे, आणि तिथे वीतभर खोल कड. गतिरोधक रातोरात होतो, त्याच्यावर पांढरा पट्टा ओढायला वर्ष लागते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आले. रस्ता ठरलेल्या दर्जाचा न केल्यामुळे कोणी मेले वा अपंग झाले, तर जबाबदार अधिकाऱ्याला, सल्लागाराला, कंत्राटदाराला दंड करता येतो. किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. एका माणसाच्या जिवाची कमाल किंमत, तीही दाव्याच्या शेवटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कोर्टाने जे केले ते चांगले केले. आता ही भरपाई मागायला आपण शिकले पाहिजे. अपघात झाला की खड्ड्याचा फोटो काढा, पंचनाम्यात खड्डा लिहायला लावा. पंचनाम्यात ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढेच लिहिले गेले, की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात.

आपलाही वाटा

सरकारला बोल लावून झाले. आता घरातले बोलू.

गावोगावची खळी गेली आणि डांबरी रस्ता हेच खळे झाले. ज्वारी, बाजरी, तूर रस्त्यावर पसरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी फुकट मळणी करायची. दोनशे-चारशे रुपये वाचतात. पण त्या धाटांवरून दुचाकीचे चाक बर्फावरून सरकावे तसे सरकते. पडतो तो पलीकडच्या गावचा शेतकरीच असतो. धान्याभोवती लावलेले दगड रात्री तिथेच राहतात, ही तर उघड हत्या आहे. जमीन आपली, धान्य आपले, पण रस्ता सगळ्यांचा.

काळी माती पिकवते तशी पाडतेही. पावसाळ्यात वाफसा नसताना ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरी रस्त्यावर येतो आणि चाकांची ढेकळे शंभर पावले सांडत जातो. वरून एक सर आली की त्याचा लोण्यासारखा थर होतो. बांधावर ट्रॅक्टर दोन मिनिटे थांबवून फावड्याने चाके खरवडली, तर कोणाचे काय बिघडते?

वेचणी सुरू झाली की कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. शिगोशिग भरलेली ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, असले तर गाठोड्यांखाली झाकलेले. तीच गत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांची, कडब्याच्या गाडीची, बैलगाडीची. रात्री पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून चालक जॅक आणायला गावात जातो. मागून येणाऱ्याला समोरच्या गाडीच्या दिव्याने अंधारी आलेली असते. ट्रॉली दिसते तेव्हा हातभर अंतर उरलेले असते. लाल रेडियमची पट्टी फार तर शंभर रुपयांची. ज्या शेतकऱ्याच्या ट्रॉलीला ती नाही, त्याला दुसऱ्या शेतकऱ्याच्या मरणाचा जाब द्यावा लागेल, असे आपणच ठरवले पाहिजे.

आणि मोटारसायकलवरचे ओझे? टाकीवर युरियाची गोणी, मागे कडब्याच्या पेंढ्या दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर, हँडलला दुधाची किटली. गोणी टाकीवर असली की हँडल पूर्ण वळत नाही. पेंढी ट्रकला घासली की गाडी आपोआप ट्रकखाली वळते. बैलाला किती ओझे ओढवेल हे आपण जाणतो, गाडीचेही जाणले पाहिजे.

विहिरीचा हिशोब

वेगाची गोष्ट पोरांना सांगून पटत नाही. त्यांना विहिरीचा हिशोब सांगा.

ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी भिंतीला धडकली, तर डोक्याला बसणारा मार २० फुटांवरून पडल्याइतका. तीन परस विहिरीच्या कोरड्या तळावर आदळण्यासारखा. ताशी ६० ने धडकली तर ४५ फूट, म्हणजे सात-साडेसात परस. वेग दीडपट झाला आणि विहीर दुपटीहून खोल झाली. ८० चा काटा गाठलात तर ८० फूट, तेरा परस. आपल्यातला कोणता शहाणा हौसेने तेरा परस विहिरीत उडी घेईल?

थांबायचाही हिशोब असाच. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद तरी जातो. ६० च्या वेगात त्या सेकंदात गाडी ५५ फूट गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी सत्तर-ऐंशी फूट. एकूण सव्वाशे फुटांच्या पुढे. रात्री डिपरच्या उजेडात दिसतेच मुळी शंभर-सव्वाशे फूट. म्हणजे ६० च्या वेगात जे दिसते ते चुकवायला वेळच नसतो. ४० च्या वेगात मात्र गाडी सत्तर फुटांच्या आसपास थांबते. घरी पोचायला पाच-दहा मिनिटे उशीर होतो, एवढाच फरक.

पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, असा एक समज गावोगाव आहे. म्हणून माणसे नुसता पायाचा ब्रेक दाबतात. कोरड्या, घट्ट रस्त्यावर गाडी थांबवणारा मोठा जोर पुढच्याच चाकात असतो. दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाब वाढवत लावायचे. चिखल, वाळू, कच, ओली पाने असतील तिथे आधीच वेग कमी करायचा आणि पुढचा ब्रेक हलक्या हाताने. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना, १२५ सीसीच्या आतल्या असोत की बाहेरच्या, ब्रेकची सुधारित व्यवस्था सक्तीची झाली. पण आपल्या दारातली गाडी बहुधा त्याआधीची किंवा दुसऱ्या हाताची असते. तिचे लायनर, तिचा गुळगुळीत टायर, तिची सैल चैन आपणच पाहायची. पेरणीच्या आधी पाभरीची फणे तपासतो, तसे.

सक्तीला विरोध वेगळा, हेल्मेटला विरोध वेगळा

या शहरात फेब्रुवारी २०१६ पासून पोलिसांनी हेल्मेटसक्ती सुरू केली. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असे जाहीर केले आणि पंपवाल्यांच्या विरोधानंतर ते बासनात गेले. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने दंड वाढवले. शेतकऱ्याला आठवते ते एवढेच, की बाजाराच्या दिवशी नाक्यावर पावती फाटते आणि खिशातले भाजीचे पैसे जातात.

सरकारच्या सक्तीचा आम्हाला पुळका नाही. लेव्हीची सक्ती पाहिली, झोनबंदी पाहिली, एकाधिकार कापूस खरेदी पाहिली. शेतकऱ्याचे भले करतो म्हणून जे जे लादले गेले त्यातून कोणाचे भले झाले, हे आपण जाणतो. पण पोलीस पावती फाडतो म्हणून डोके उघडे ठेवायचे, हे बंड नव्हे. सावकारावर राग काढायला स्वतःची गंजी पेटवण्यासारखे ते आहे. हेल्मेटने पोलिसाचे डोके वाचत नाही, आपले वाचते. स्वातंत्र्य मागणाऱ्या माणसाने तर सांगण्याची वाट न पाहता ते घातले पाहिजे.

हेल्मेट हे काही आरटीओच्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. १९३५ साली इंग्लंडमध्ये लॉरेन्स नावाचा एक गाजलेला लष्करी अधिकारी दोन सायकलवाल्या पोरांना चुकवताना मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी मेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स नावाचे मेंदूचे डॉक्टर होते. हे मरण त्यांच्या मनाला लागले. त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांचे अपघात एकेक करून अभ्यासले आणि १९४१ साली ते छापले. त्यानंतर ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे जगभरच्या अभ्यासांची बेरीज झाली तेव्हा निघाले, की हेल्मेटमुळे मरणाची शक्यता शेकडा ४२ ने आणि डोक्याला मार लागण्याची शेकडा ६९ ने कमी होते. शंभरातले शंभर वाचतील असे कोणी म्हणत नाही. पण कीडनाशकाने शेकडा ४२ बोंडअळी मेली तरी आपण पैसे मोजतोच ना?

किमतीचे म्हणाल तर हजार रुपयांच्या आसपास आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट मिळते. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्या भावाने हेल्मेट म्हणजे साडेबारा किलो कापूस. व्यापारी कटतीत आणि ओलाव्याच्या नावाने यापेक्षा जास्त कापून घेतो. रस्त्याकडेला दोनशे रुपयांना मिळणारे टोपले मात्र घेऊ नका. ते पावती वाचवते, डोके नाही. जून २०२१ पासून शिक्का नसलेले हेल्मेट विकणे हाच गुन्हा आहे. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पडते.

मागे बसणाऱ्या लक्ष्मीचे काय?

वर आकडा दिलाच आहे: हेल्मेट नसलेल्या मृतांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. आपल्या भागात मागे बहुधा घरातली बाई असते. एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने मूल धरलेले. गतिरोधकावर गाडी उडाली की ती मागे डोक्यावर पडते. चालवणाऱ्याला कधी कधी पुढे गेल्यावर कळते. पदर किंवा ओढणी चाकात गुंतली तर तेवढाही वेळ मिळत नाही.

मागच्या चाकाला साडीगार्ड, धरायला दांडी आणि पाय ठेवायला पायठा असलाच पाहिजे, असा नियम आहे. पोरे गाडी सुंदर दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकतात. गाडीची शोभा राहते आणि घरची शोभा जाते. मायबहिणींनो, बसण्याआधी पदर खोचा, आणि गार्ड नसलेल्या गाडीवर बसायला सरळ नकार द्या. दुसरे हेल्मेट मागा. घरात एकच असेल तर ते कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न नवऱ्याला विचारा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते हवे, हे कायदाच सांगतो.

कागद जपा

आता वारसांचे बोलू. कडू आहे, पण बोलले पाहिजे.

शेतकऱ्याला अपघाती मृत्यू आला तर राज्य सरकारकडून वारसाला दोन लाख रुपये मिळतात. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. वय १० ते ७५, सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण यांना ही योजना लागू आहे. २०२३ पासून विमा कंपनीला मधून काढून सरकार हे अनुदान थेट देते. योजनेला गोपीनाथ मुंडे यांचे नाव आहे. केंद्रात मंत्री झाल्यावर आठच दिवसांत, ३ जून २०१४ रोजी, दिल्लीत मोटारीच्या अपघातात ते गेले. मागच्या आसनावर बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. मराठवाड्याचा एवढा मोठा नेता रस्त्यापुढे मोठा ठरला नाही. त्यांच्या नावाचा फॉर्म भरायची वेळ आपल्या घरावर येऊ नये. आली तर तो परत येऊ नये.

तो परत का येतो? मरणारा स्वतः गाडी चालवत होता आणि त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून. तो दारूच्या अंमलाखाली होता, म्हणून. पंचनामा नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही, म्हणून. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे गेला नाही, म्हणून. दहाव्या-तेराव्यात महिना निघून जातो. गावातल्या कार्यकर्त्याने त्या घरी सांत्वनाला जाताना फॉर्म सोबत न्यावा.

गाडीच्या विम्याचेही तसेच. दुसऱ्याला धडक बसली आणि आपल्या गाडीचा विमा संपलेला असला, तर भरपाई आपल्या खिशातून, म्हणजे शेवटी जमिनीतून जाते. गाडीमालकाचा स्वतःचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तोही हप्ता भरलेला आणि परवाना असलेला असेल तरच. अपघात दावा न्यायाधिकरणाकडचा अर्ज सहा महिन्यांच्या आत द्यावा. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात. सातबारा जसा पत्र्याच्या पेटीत जपता, तसा परवाना आणि विम्याचा कागद जपा.

कोणी पडलेला दिसला तर

पोलिसांच्या भानगडीत नको म्हणून पुढे निघून जाऊ नका. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये ठरवले आणि २०१९ साली ते कायद्यात आले. १०८ ला फोन करा. येणाऱ्या गाड्यांना लांबूनच हात करून थांबवा. जखमीची मान हलवू नका, बसते करू नका, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. मे २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्तावर सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत विनापैसा उपचाराची योजना आहे. आधी पैसे भरा म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

मेळाव्यापासून सुरुवात

दुसऱ्याला सांगण्याआधी संघटनेने स्वतःला नियम लावावेत.

गावातून दहा मोटारसायकली येण्याऐवजी एक टेम्पो किंवा एसटी ठरवावी, वर्गणीत ती स्वस्त पडते. मोटारसायकलने यायचेच तर दोघे, तिघे नाही, आणि दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. झेंड्याची काठी गाडीला आडवी बांधू नये. रस्ताभर ओळ धरून हॉर्न वाजवत, कट मारत येणारी पोरे संघटनेची ताकद दाखवत नाहीत, तिचे हसे करतात. ज्याने घोट घेतला त्याच्या हातातून किल्ली काढून घ्यावी. तो कितीही मोठा कार्यकर्ता असो.

एक नियम व्यासपीठावर बसणाऱ्यांसाठी. सभा वेळेवर सुरू करावी आणि चारच्या ठोक्याला संपवावी. पुढारी गाडीत बसून परत जातात. समोरचा माणूस अंधारात, समोरच्या दिव्यांना डोळे मिचकावत, साठ-सत्तर किलोमीटर मोटारसायकलवर जातो. ज्या वक्त्याला श्रोत्यांची काळजी आहे, त्याने सूर्य पाहून भाषण आवरावे.

आणि या मेळाव्यात कापसाच्या ठरावासोबत आणखी एक ठराव यावा. राज्य व जिल्हा मार्गांच्या साईडपट्ट्या भरा. महामार्गावर जिथे गाव आणि शेत तुटले तिथे सेवा रस्ता आणि भुयारी वाट द्या. गतिरोधकांना पट्टे मारा. मुक्कामी एसटी पुन्हा सुरू करा. हंगामात बाजार समितीच्या दारातच प्रत्येक ट्रॉलीला रेडियम लावा. गावाला सामायिक खळे द्या, म्हणजे ज्वारी रस्त्यावर येणार नाही. हे भिकेचे मागणे नाही, आपल्याच करातला आपला वाटा आहे.

सरकार हे कधी करील ते करील. त्यासाठी भांडायला माणसे जिवंत लागतात. भावाची लढाई लांबची आहे आणि ती डोक्याने लढायची आहे. आज सभा संपल्यावर किक मारण्याआधी मागचा लाल दिवा लागतो का ते पाहा, पट्टा आवळा, आणि गावात पोचल्यावर शेजारच्या घरी विचारा, त्यांचा माणूस आला का.